पूलवर पैसे लावताना: ब्रेकआधी काय ठरवायचं, जोड कशी लावायची, कुठं उठायचं (कोल्हापूर)

शाहूपुरीकर

कोल्हापुरात पूल खेळणारा बहुतेक माणूस स्नूकर बघत बघत पूलकडं आलेला असतो. त्यामुळं एकाच टेबलावर दोन्हीकडचे नियम येतात. नुसता टाइमपास असला तर चालून जातं. टेबलाचे पैसे किंवा वर शंभर-दोनशे लागले की ह्याच गोष्टींवरून आवाज चढतात. भांडण रकमेचं क्वचितच असतं, न ठरलेल्या नियमाचं असतं. म्हणून एटबॉलसाठी (आपल्या गटाचे बॉल संपवून शेवटी आठ नंबर घालायचा तो खेळ) ब्रेकआधी, म्हणजे पहिल्या फोडणीच्या शॉटआधी, तोंडी काय ठरवायचं ते मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

सगळ्यात आधी आठ नंबर. ब्रेकवर आठ पडला तर पुष्कळ ठिकाणी सरळ जिंकला धरतात. जागतिक संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूपीएच्या नियमात तसं नाही: ब्रेक करणारा आठ परत स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर) ठेवून पुढं खेळतो किंवा नव्यानं ब्रेक घेतो. सोबत व्हाइटही (क्यूनं मारायचा पांढरा बॉल) पॉकेटात गेला तर ही निवड समोरच्याकडं जाते. कुठलाही नियम घ्या, पण रॅक लावायच्या आधी घ्या.

मग फाउल. व्हाइट हातात मिळाल्यावर टेबलावर कुठंही ठेवायचा की लाइनच्या (ज्या रेषेमागून ब्रेक करतात तिच्या) मागं? डब्ल्यूपीएत कुठंही, एटबॉलच्या ब्रेकवर व्हाइट गेला तरच लाइनच्या मागं. दुसरं, शर्टाची बाही किंवा हात लागून कुठलाही बॉल हलला तर फाउल, की फक्त व्हाइट हलला तर? मार्कर (पार्लरचा स्कोअर ठेवणारा माणूस) उभा नसेल तर फक्त व्हाइटचा नियम बरा पडतो. मग बाकीचा बॉल हलला तर तो होता तिथं ठेवायचा की तसाच सोडायचा, हे समोरचा सांगेल.

कुशनचा, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेचा, नियम आपल्याकडं सर्रास गाळला जातो. व्हाइट आपल्या बॉलला लागल्यावर काहीतरी पडलं पाहिजे, नाहीतर कुठला तरी बॉल कुशनला लागला पाहिजे, नसेल तर फाउल. हा नियम नसेल तर चिकटलेल्या बॉलला नुसता हात लावल्यासारखं करून माणूस वाटेल तितका वेळ सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट न ठेवणारा बचावाचा शॉट) खेळत बसतो. पैशाच्या गेममध्ये हा नियम हवाच.

निळा_चॉक

चांगला धागा. चिकटलेल्या बॉलचं राहिलं, सगळ्यात जास्त वाद तिथंच होतो.

स्नूकरमध्ये व्हाइट दुसऱ्या बॉलला चिकटलेला असेल तर त्या बॉलपासून लांब मारायचं, तो बॉल हलता कामा नये. पूलमध्ये उलट आहे: चिकटलेला असेल तर त्याच दिशेनं सरळ मारता येतं. स्नूकरवाला म्हणतो फाउल, पूलवाला म्हणतो नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून शॉटच्या आधी "चिकटलाय" हे दोघांनी मान्य करून घ्यायचं.

खरी पंचाईत चिकटलेला नसतो पण जवळ असतो तेव्हा. दोघांत चॉकच्या ठोकळ्यापेक्षा कमी अंतर असेल आणि सरळ मारलं तर क्यू व्हाइटला दोनदा लागतोच लागतो. ओळखायची खूण: फुल बॉल (समोरच्या बॉलला बरोबर मध्यावर) घेतल्यावर व्हाइटनं जागेवर थांबायला पाहिजे. तो लगेच पुढच्या बॉलच्या मागं त्याच वेगानं धावला तर दुहेरी टोला झालाय. कानाला कळत नाही, नजरेला कळतं. असा शॉट दिसला की आधीच मार्करला किंवा बाजूच्या टेबलावरच्या जाणत्याला उभं करा. शॉट झाल्यावर बोलावलेला माणूस काय बघणार?

दोन बॉलना एकदम लागला का, आधी कुठला लागला, असा वाद असेल आणि सांगता येत नसेल तर फायदा मारणाऱ्याला. नियमही तसाच आहे.

कुशनकाका

तुम्ही नियमांचं मांडलं, मी पैशाचं मांडतो. "हरणारा टेबल भरेल" हे वाक्य लोक सहज बोलून जातात, त्याचा हिशेब फार थोडे जण करतात.

समजा पैज 200 ची आहे आणि सेट (ठरलेले रॅक, म्हणजे डाव, आधी जिंकेल त्याचा) संपेपर्यंत टेबलाचे 200 होतात. जिंकलात तर हातात 200 येतात. हरलात तर 200 पैजेचे आणि 200 टेबलाचे, एकूण 400 जातात. म्हणजे खिसा जसाच्या तसा राहायला तीनपैकी दोन सेट जिंकायला लागतात. बरोबरीच्या दोघांत निम्मे निम्मे सेट जातात, तेव्हा प्रत्येकाचे सरासरीनं सेटमागं 100 कमी होतात, आणि ते टेबलाला जातात. ह्यात पार्लरची चूक काही नाही, वीज आणि कापड फुकट येत नाही. पण "आमचं वर-खाली सारखंच चालतं" म्हणणारा महिन्याच्या शेवटी रिकामा का असतो, त्याचं कारण हे.

ह्यावरून दोन गोष्टी. पैज टेबलाच्या भाड्यापेक्षा लहान असेल तर तिला पैज म्हणायचंच कारण नाही, नुसत्या टेबलावर खेळा. आणि सेट लांबला की भाडं वाढतं, तेव्हा सेट किती रॅकचा हे रकमेइतकंच महत्त्वाचं.

रक्कम ब्रेकआधी तिसऱ्याच्या हातात द्यायची, दोघांचीही. मार्करकडं देऊ नका, त्याची नोकरी आहे. उधारीवर सेट खेळायचा नाही. "जीपे करतो नंतर" हे वाक्य आलं की क्यू पिशवीत घाला.

तालमीतला_गडी

कुशनकाका, हिशेब एक नंबर. आता जोडीचं बोलूया, कारण सगळं तिथंच ठरतं.

खासबागेत कुस्ती लागायच्या आधी वस्ताद मंडळी जोड ठरवतात. वजन, उमर, तयारी बघून पैलवान समोरासमोर आणतात. वाकडी जोड लागली तर मैदानात मजा नसते, बक्षीस कितीही मोठं असो. पूलला हँडिकॅप, म्हणजे कच्च्याला दिलेली सूट, हे तेच काम.

जोड ठरवायची सगळ्यात सरळ रीत सांगतो. एकानं अट मांडायची आणि दुसऱ्यानं बाजू निवडायची. म्हणजे मी म्हणालो, "पाचच्या सेटला (आधी पाच रॅक घेईल तो जिंकला) कमी ताकदीच्या माणसाला दोन रॅक आधीच", तर समोरचा ठरवणार तो दोन रॅक घेऊन खेळणार की देऊन. आपण ज्या अटीवर उलट्या बाजूनं उभं राहायला तयार नाही ती अट मांडायचीच नाही. घासाघीस एकदम बंद होते.

आता आकडे बघा. दोघांत एक जण दहापैकी सहा रॅक जिंकणारा आहे असं धरा. फरक फार नाही, डोळ्याला जाणवतही नाही. तरी सेट लांबवला की तो वाढत जातो. तीनच्या सेटला तो साधारण 68 टक्के वेळा जिंकतो, पाचच्या सेटला 73, सातला 77, नऊला 80. म्हणून तगडा खेळाडू कायम लांब सेट मागतो आणि कच्च्यानं छोटा मागायला पाहिजे.

ह्याच जोडीत पाचच्या सेटला कच्च्याला एक रॅक आधी दिला तर तगड्याचे 73 चे 59 टक्के होतात. दोन दिले तर 42, म्हणजे पारडं फिरलं. मधली जागा हवी असेल तर एक रॅक आणि सगळे ब्रेक द्यायचे.

गंगावेस

दादा, एटबॉलमध्ये रॅक द्यायच्या ऐवजी कच्च्या माणसाचे दोन बॉल उचलून बाजूला ठेवतात. ते चालतं का?

तालमीतला_गडी

चालतं, पण त्यात एक गोम आहे भावा. कच्च्याचे बॉल उचलले की टेबल मोकळं होतं, आणि मोकळ्या टेबलाचा फायदा तगडा जास्त उचलतो. त्याच्या वाटेतले अडथळेच तुम्ही काढून दिले. कच्चा तर पाच बॉल घालूनही आठवर अडतो. त्यापेक्षा रॅक द्या, किंवा ब्रेक द्या. नाइनबॉल (टेबलावरचा सगळ्यात लहान नंबर आधी मारायचा, नऊ घालेल त्याचा रॅक) असेल तर आठ द्या, म्हणजे कच्च्यानं नियमात राहून आठ घातला तरी रॅक त्याचा. तो आठ सांगून घालायचा की कसाही पडला तरी चालेल हे मात्र आधीच बोलून घ्या. दोन्हींत मोठा फरक आहे.

निळा_चॉक

नाइनबॉलचा विषय निघालाय तर रॅक कोण लावणार हेही ठरवा. एक नंबर टोकाला, नऊ मध्ये, बाकी कसेही. सगळे बॉल एकमेकाला चिकटलेले पाहिजेत. रॅक लावणाऱ्यानं एक नंबरच्या मागं केसाएवढी फट सोडली तरी ब्रेकची ताकद नीट पुढं जात नाही. उलट स्वतः रॅक लावून स्वतःच ब्रेक करणारा बॉल असे बसवू शकतो की कडेचा बॉल दर वेळी कोपऱ्यात जातो. पैशाच्या सेटला ब्रेक आलटून पालटून आणि रॅक समोरच्यानं लावायचा; ब्रेक करणाऱ्याला वाकून बघायचा आणि पुन्हा लावायला सांगायचा हक्क, एकदाच. रॅकला तीन-तीन वेळा नाव ठेवणारा माणूस पुढं प्रत्येक शॉटला तेच करणार.

पुश आउट (कुठल्याही बॉलला न लागता व्हाइट हवा तिथं ढकलायची मुभा) आहे का नाही हेही बोला. नाइनबॉलमध्ये ब्रेकनंतरच्या पहिल्या शॉटला तो घेता येतो, पण "पुश" असं आधी बोलायला लागतं. आणि सलग तीन फाउलला रॅक जातो हा नियम ठेवणार असाल तर दोन झाल्यावर समोरच्याला तसं सांगणं तुमचं काम. सांगितलं नाही तर तिसरा मोजायचा नाही.

राजारामपुरी_बारावी_गल्ली

समोरचा झाकून खेळतोय हे कसं ओळखायचं? पहिले दोन सेट साधा खेळतो, रक्कम वाढवली की एकदम वेगळा माणूस दिसतो.

कुशनकाका

त्याचे बॉल बघू नका, व्हाइट बघा. कच्चा माणूस चुकतो तेव्हा व्हाइट कुठंही जाऊन थांबतो, निम्म्या वेळा तुम्हाला सोपा शॉट मिळतो. झाकून खेळणारा चुकतो तेव्हा त्याचा बॉल पॉकेटच्या तोंडावर बसून पॉकेट अडवतो आणि व्हाइट लांबच्या कुशनला चिकटतो. एकदा झालं तर नशीब. चुकल्यावर दर वेळी तुम्हाला शॉट मिळत नसेल तर ते नशीब नव्हे.

दुसरं, वेग. नवशिक्याचा जोर दर शॉटला वेगळा असतो. हलक्या हाताचा शॉट सारख्याच वेगानं येत असेल तर तो हात तयार आहे. ब्रिज (क्यू टेकवायचा हात), डोकं किती हलतं, क्यू मागं नेल्यावर क्षणभर थांबतो का, ह्या गोष्टी मुद्दाम बिघडवणं अवघड असतं.

आणि रक्कम कोण वाढवतोय ते बघा. पहिल्या सेटची अट दुसऱ्या सेटला तशीच चालवायची सक्ती नाही. रक्कम दुप्पट करायची म्हणाला तर जोडही पुन्हा ठरवायची. तालमीतल्या गड्यानं सांगितलेली रीत लावा: "चालेल, पण बाजू मी निवडतो." खरा असेल तर बसेल.

शाहूपुरीकर

टेबल तपासायचं कुणी बोललं नाही अजून. पैसे लावायच्या आधी पाच मिनिटं द्याच.

एक बॉल अगदी हळू, लांबीला कुशनच्या बाजूनं सोडा. शेवटी वळला तर टेबल तिकडं उतरतं. चारी बाजूंनी करा. कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडात दोन बॉल शेजारी धरून बघा. पूलचा बॉल 57.15 मिलिमीटरचा, म्हणजे दोन मिळून 11.4 सेंटिमीटर. नीट टेबलावर दोन बॉल जेमतेम बसतात. बोट घालायला जागा राहिली तर पॉकेट सैल आहे. सैल पॉकेट कच्च्याच्या सोयीचं, घट्ट पॉकेट तगड्याच्या. जोड ठरवताना हेही धरा.

व्हाइट बाकीच्या बॉलांच्या मापाचा आहे का बघा. मूळचा हरवला की पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या सेटचा आणून ठेवतात. लहान किंवा हलका व्हाइट असेल तर स्क्रू (व्हाइट मागं ओढणं) सहज येतो आणि फॉलो (व्हाइट पुढं नेणं) येत नाही, रोजच्या टेबलावरचा माणूस त्याला सरावलेला असतो, बाहेरचा नसतो.

पावसाळ्याचं वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. कापड ओल धरतं, बॉल नेहमीच्या जोराला आखूड पडतो, आणि बॉलवर चॉकची चिकट पूड बसली की पातळ कट (बॉलच्या कडेला लागणारा शॉट) जाड लागल्यासारखा जातो. ओला नव्हे, कोरडा फडका मागा आणि सेटच्या आधी सगळे बॉल पुसून घ्या. ते समोरच्याच्या देखत करा.

वकील_रंकाळा

धागा चांगला चाललाय, पण कायद्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याच्या कलम 13 नं निव्वळ कौशल्याचा खेळ कायद्यातून वगळलेला आहे. पूल हा कौशल्याचा खेळ, म्हणून आपण बिनधास्त, असा अर्थ लोक काढतात. इतकं सरळ घेऊ नका. त्याच कायद्यात जुगाराच्या व्याख्येत पैज लावणंही येतं. खेळणारे दोघं कौशल्य दाखवतात, पण भिंतीला टेकून त्यांच्यावर पैसे लावणारे आठ जण कुठलं कौशल्य दाखवतात? आणि मालकानं पैजेतून नाल, म्हणजे आपला हिस्सा, काढली तर ती जागा अड्डा ठरायला फार वेळ लागत नाही. कलम 4 अड्डा चालवणाऱ्यासाठी आहे आणि कलम 5 तिथं सापडणाऱ्यासाठी. म्हणून मालकांना सांगणं: टेबलाचं ठरलेलं भाडं घ्या, त्यापलीकडं एक रुपया नको. बाजूची बोली लागली की थांबवा.

दुसरं, वसुली. करार कायदा 1872 च्या कलम 30 प्रमाणं पैजेचा करार रद्दबातल असतो, जिंकलेली रक्कम कोर्टातून मागता येत नाही. 1959 साली घेरूलाल पारख खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पैज रद्दबातल आहे पण तेवढ्यानं बेकायदा ठरत नाही असं म्हटलं. मात्र आपल्याकडं जुन्या मुंबई इलाख्याचा 1865 चा कायदा आहे, त्यामुळं पैजेसाठी दिलेली उसनवारी किंवा तारण ह्यालाही आधार राहत नाही. कुशनकाका उधारी नको म्हणतात त्याला कायद्याचंही बळ आहे. हरलेल्याची गाडीची चावी किंवा मोबाइल ठेवून घेतलात तर उलट तुमच्यावरच तक्रार होईल.

मोबाइलवरचा पूल पैसे लावून खेळवणं हा वेगळाच विषय. 2025 च्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ चालवायला बंदी आहे, कौशल्याचे असले तरी.

मंगळवार_पेठ_९

एक विचारतो, राग मानू नका. एवढं सगळं सांभाळायचं तर पैसे लावायचेच कशाला? नुसतं टेबल लावून खेळलं तर काय बिघडतं?

तालमीतला_गडी

काहीच बिघडत नाही, आणि शिकणाऱ्यानं तसंच खेळावं. पण थोडं काहीतरी लागलेलं असलं की माणूस सेफ्टी शिकतो, घाईत शॉट मारत नाही, शेवटच्या बॉलला हात कापायचा कमी होतो. हे चहा-मिसळीच्या पैजेवरही होतं. रक्कम एवढीच ठेवायची की हरल्यावर रात्री घरी खोटं बोलायला लागू नये. त्याच्या वर गेलात तर खेळ सुधारत नाही, शॉट आखडतो. कॉलेजच्या पोराचे मेसचे पैसे आहेत हे दिसत असताना त्याच्याशी पैसे लावणारा मोठा माणूस मला तरी मान्य नाही. आणि अठराच्या आतल्या पोराशी तर विषयच नको.

मंगळवार_पेठ_९

हे पटलं.

कुशनकाका

उठायचं कधी, हे राहिलं. बसायच्या आधी दोन आकडे ठरवा: किती गेले की उठणार आणि किती वाजले की उठणार. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण पुढं असलेल्या माणसाला उठताना वाईटपणा येतो. "साडेनऊला शेवटचा सेट" असं सुरुवातीलाच सांगितलं असलं की कुणी बोट दाखवत नाही. न सांगता तीन सेट पुढं असताना घड्याळ बघणं वाईट दिसतं, आणि तशी गोष्ट पार्लरमध्ये वर्षभर लक्षात राहते.

हरत असताना दुप्पट करणं बंद करा. 100, 200, 400, 800, 1600 असे पाच सेट गेले तर 3100 गेले, आणि सहावा 3200 चा, कशासाठी, तर शेवटी 100 पुढं राहायला. दहापैकी चारच सेट जिंकणाऱ्या माणसाला असे सलग पाच हरण्याची वेळ तेरात एकदा येते. ती दुर्मीळ गोष्ट नाही. आणि समोरचा तोपर्यंत थांबेलच असंही नाही.

हार मानायची रीतही पाळा. समोरच्याचा एकच बॉल तोंडावर राहिलाय म्हणून हातानं बॉल गोळा करू नका. "दिला" असं तोंडानं म्हणा. समोरचा शॉटवर असताना आपला क्यू उघडायला लागलात तर रॅक सोडल्यासारखंच धरतात. फ्लूक (नशिबानं बॉल) पडला तर हात वर करून मान्य करा, हे स्नूकरवाल्यांकडून घेण्यासारखं आहे. समोरचा वाकला की त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, चॉक घासायचा नाही, मोबाइल खिशात. बाजूला उभ्या मित्रानं "जाड घे" म्हणायचं नाही; पहिल्यांदा बोलला तर ताकीद, दुसऱ्यांदा बोलला तर फाउल, हेही आधी ठरवून टाका.

गंगावेस

तिघांत नाइनबॉल खेळताना क्रम कसा लावायचा? जिंकेल त्याला बाकी दोघं देतात असा गेम आहे.

निळा_चॉक

तिघांत सगळा खेळ क्रमाचा आहे. जो कच्च्याच्या पाठोपाठ खेळतो त्याला उघडं टेबल मिळत राहतं, आणि तगड्याच्या मागचा खुर्चीवरच बसतो. म्हणून दर तीन रॅकनंतर चिठ्ठ्या टाकून क्रम बदला. सेफ्टी बंद ठेवा, पुश आउट बंद ठेवा, नाहीतर सेफ्टी खेळतो एक आणि भोगतो दुसराच. तिघांत दोघं एका गाडीवरून आलेले असतील तर तिसऱ्यानं ह्या गेममध्ये पैसे लावू नयेत. त्यांनी ठरवून केलं नाही तरी एकमेकाला सोपा बॉल सोडणं नकळत होतं.

राजारामपुरी_बारावी_गल्ली

शेवटचा प्रश्न. रॅकच्या मध्येच लाइट गेली तर?

शाहूपुरीकर

कुणी टेबलाला हात लावायचा नाही. मोबाइलची बॅटरी लावून लगेच वरून एक फोटो काढून ठेवा, म्हणजे कुणाचा कोपर लागला तरी बॉल जागेवर ठेवता येतात. मार्करला भाड्याची वेळ लिहून ठेवायला सांगा. दहा-पंधरा मिनिटांत आली तर तिथूनच पुढं. नाही आली तर तेवढा रॅक रद्द, आधीचा स्कोअर कायम, रक्कम तिसऱ्याकडंच, आणि सेट दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर. पुढं असलेल्यानं "आता वाटून घेऊ" म्हटलं तर चालेल, मागं असलेल्यानं म्हणायचं नाही. मोबाइलच्या लाइटवर मात्र एकही शॉट खेळू नका, बॉलच्या सावल्या चुकतात आणि कट जाड दिसतो.